कानाचे माप आणि काट्याचे माप
घरच्या ध्वनिमुद्रणात आवाजाची पातळी कशी राखावी?

चातुर्मास सुरू झाला की शिरूर-दौंडच्या घराघरांत स्तवनांच्या चाली घोळू लागतात. पूर्वी हे गायन ऐकणाऱ्यांच्या स्मरणातच उरत असे. आता मायक्रोफोन, छोटासा ऑडिओ इंटरफेस आणि संगणक एवढ्या सामग्रीवर आजीचा आवाज नातवंडांसाठी जपता येतो. महिला मंडळाची स्तवने दूरच्या नातलगांपर्यंत पोहोचवता येतात. मात्र घरी केलेल्या अशा ध्वनिमुद्रणात एक दोष वारंवार आढळतो. एक गीत मोबाईलवर कुजबुजल्यासारखे, तर दुसरे कान किटवणारे. आणि तार सप्तकातील स्वर येताच आवाज फाटलेला. हा दोष गळ्याचा नसतो, बहुधा यंत्राचाही नसतो. तो मापाचा असतो.

व्यापारी घराण्यांना मापाचे महत्त्व सांगावयास नको. ध्वनिमुद्रणात आवाजाची दोन स्वतंत्र खाती असतात. स्पीकर वा हेडफोनमधून आपण ऐकतो ते एक. फाईलमध्ये साठते ते दुसरे. ऐकण्याचा व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी फाईलमध्ये तसूभर फरक पडत नाही. या दोन खात्यांची सरमिसळ झाली की हिशेब चुकतो.

मुद्रण करताना

संगणकाच्या मीटरवर शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. आवाज तिच्या पलीकडे गेला की ध्वनितरंगाचा माथा कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. असा कापलेला स्वर पुढे कोणत्याही उपायाने मूळ रूपात परत येत नाही. म्हणून आधी गायिकेला स्तवनातील सर्वांत उंच ओळ खुल्या आवाजात म्हणावयास सांगावे आणि मीटरवरील उच्चांक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन ठेवावा. मुद्रण २४ बिटमध्ये केले तर वर मोकळी जागा सोडल्याने काहीही तोटा होत नाही.

आपल्या गावांची अडचण गोंगाटाची आहे. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. तेथे गाड्यांची ये-जा रात्रीही थांबत नाही. शिरूरला महामार्गाची वर्दळ आहे. त्यात पत्र्यावर पडणारा पाऊस आणि डोक्यावरचा पंखा. अशा वेळी गेन वाढवला तर गळ्याबरोबर गोंगाटही वाढतो. त्याऐवजी मायक्रोफोन जवळ आणावा. अंतर निम्मे झाले की गायकाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. साधारण एक वीत अंतर पुरेसे होते. ज्यांचे कापडाचे दुकान आहे त्यांच्यापाशी तर उत्तम जागा तयारच असते; फळ्यांवर रचलेली ठाणे प्रतिध्वनी शोषून घेतात. दुकान बंद झाल्यावर तेथे जरूर प्रयोग करून पाहावा.

ऐकताना

आपला कान हा प्रमाणित काटा नव्हे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की आवाज लहान असताना कानाला खर्जाचे नाद फार कमी जाणवतात आणि आवाज वाढला की तेच नाद भरदार वाटू लागतात. यामुळेच मोठ्या आवाजात जुळवलेले गीत दिवाणखान्यात हळू लावले की डग्गा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. शिवाय दोन प्रतींत जी किंचित मोठी, तीच कानाला सरस भासते.

उपाय सोपा आहे. आपण बसतो त्या जागी आवाज ७० ते ७५ डेसिबल राहील असा व्हॉल्यूम ठरवावा. मोबाईलवरील ध्वनिमापक अ‍ॅपचे आकडे तंतोतंत नसले तरी चालेल. पातळी रोज तीच असावी, हे महत्त्वाचे. बटणावर खूण करावी आणि तिला हात लावू नये. गीत हळू वाटले तर दुरुस्ती फाईलमध्ये करावी.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक राहू नये आणि दर ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास, १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून तरुण मुले हेडफोन लावतात आणि थकलेल्या कानांसाठी आवाज वाढवत जातात. आतल्या कानातील सूक्ष्म श्रवणपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत. म्हणून तासाभराने कानांना दहा मिनिटे विसावा द्यावा.

फाईल काढताना

येथे कान बाजूला ठेवून मीटरवर विसंबावे. केवळ उच्चांक सारखे केल्याने गीते सारखी होत नाहीत. मंजिऱ्यांच्या एका ठणक्याने उच्चांक गाठला जातो आणि गळा मागेच राहतो. कानाला जाणवणारी सरासरी तीव्रता मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली निश्चित केली. तिचे एकक एलयूएफएस. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत त्यासाठी ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ची सोय आहे.

यूट्यूबची पातळी सुमारे उणे १४ एलयूएफएस आहे. त्याहून मोठे गीत तेथे आपोआप कमी केले जाते. त्यामुळे आवाज ठासून भरण्याने काहीच साधत नाही. उच्चांक उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावा, कारण एमपी३ करताना तो थोडा वर सरकू शकतो. एकट्या गळ्याचे संथ स्तवन उणे १४ पर्यंत आणताना दबू लागले, तर उणे १६ किंवा १८ वर खुशाल थांबावे. पण संचातील सर्व गीतांची पातळी एकच ठेवावी.

प्रथम २४ बिटची वेव्ह फाईल काढावी. तीच मूळ प्रत. वाटण्यासाठी तिच्यावरून एमपी३ करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर दर्जा टिकतो. मूळ प्रत मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळावी आणि तिच्यावर गायिकेचे नाव, स्तवनाचे नाव व तारीख लिहून ठेवावी. आज सहज मुद्रित केलेला आजीचा आवाज उद्या घरात फक्त त्या फाईलमध्येच उरणार आहे.