आकार तोच, कण बारीक

धातूचा तुकडा वरून एकसंध दिसतो. तो घासून आरशासारखा गुळगुळीत केला, त्यावर सौम्य आम्ल फिरवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की फुटक्या फरश्या बसवलेल्या जमिनीसारखे वेडेवाकडे तुकडे दिसू लागतात. हे त्याचे स्फटिककण. एका कणात अणूंच्या रांगा एका दिशेने लागलेल्या असतात, शेजारच्या कणात दिशा वेगळी. नेहमीच्या धातूत कणाचा आकार साधारण १० ते १०० मायक्रॉन असतो. तो १ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणण्यासाठी धातूला जबरदस्त रगडतात. या पद्धतींना तीव्र प्लास्टिक विरूपण म्हणतात. इथल्या ‘प्लास्टिक’चा पिशव्या-बादल्यांशी संबंध नाही, भार काढल्यावरही कायम राहणारा आकारबदल एवढाच त्याचा अर्थ.

हा खटाटोप ताकदीसाठी. धातू वाकतो तेव्हा त्याच्या रचनेतले रेषेसारखे दोष, म्हणजे डिस्लोकेशन, आतल्या आत सरकत असतात. कणाच्या सीमेवर रांगांची दिशा बदलते आणि ते अडतात. कण बारीक, तर सीमा जास्त आणि अडथळेही जास्त. ब्रिटनमधील हॉल यांनी १९५१मध्ये आणि पेच यांनी १९५३मध्ये याचा हिशेब मांडला: कण १०० पट बारीक झाले, तर त्यांच्यामुळे येणारी ताकद १० पट होते. मिश्रधातू न करताही धातू बळकट होतो, तो असा.

ठोकल्याने धातू कडक होतो, हे तांब्याचे भांडे मठारणाऱ्या तांबटाला कोणी सांगावे लागत नाही. पण ठोकून किंवा लाटून फार पुढे जाता येत नाही, कारण माल पातळ होत जातो. कण पुरेसे बारीक होतील इतके रगडायचे, तर १ सेंटिमीटर जाडीची पट्टी लाटता लाटता सुमारे १० मायक्रॉनची पन्नी होऊन बसेल. मग त्या ताकदीचे करायचे काय? खरी मेख इथेच होती: भरपूर रगडायचे, पण आकार बदलू द्यायचा नाही.

तो मार्ग १९७०च्या दशकात मिन्स्कमध्ये व्लादिमिर सेगाल यांनी काढला. पोलादी साच्यात एकाच मापाचे दोन बोगदे काटकोनात जोडलेले असतात. वंगण लावलेली सळई उभ्या बोगद्यात घालून प्रेसने दाबतात. कोपऱ्यावर तिचा प्रत्येक थर शेजारच्या थरावरून घसरतो, पत्त्यांचा कॅट तिरका सरकवावा तसा, आणि सळई आडव्या बोगद्यातून बाहेर येते ती जवळपास त्याच जाडीची. त्यामुळे ती पुन्हा घालता येते. दर खेपेला ती ९० अंशांत फिरवून घातली, तर कण सगळीकडून सारखे कापले जातात. आत डिस्लोकेशनचा गुंता वाढतो, गुंत्याच्या भिंती होतात आणि पुढे त्या भिंतीच नव्या कणसीमा बनतात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियममध्ये हे साधारण १ मायक्रॉनवर थांबते, तांब्यात ०.३ मायक्रॉनच्या आसपास पोहोचते.

दुसरी पद्धत पिळण्याची. नाण्याएवढी चकती दोन ऐरणींमध्ये काही गिगापास्कल दाबाखाली धरायची आणि एक ऐरण फिरवायची. (५ गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास ५० हजार पट.) हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी असे प्रयोग १९३०च्या दशकातच केले होते, बारीक कणांसाठी त्यांचा उपयोग रशियातील उफा इथे रुस्लान वालिएव यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस दाखवला. कण सर्वांत बारीक होतात ते याच पद्धतीत, मात्र चकतीचा मध्य कडेपेक्षा फार कमी पिळला जातो.

ओसाका विद्यापीठातली १९९०च्या दशकातली पद्धत चिरोटे करणाऱ्यांना ओळखीची वाटेल. पत्र्याचे पृष्ठ तारेच्या ब्रशने घासायचे, दोन पत्रे एकावर एक ठेवून एकाच्या जाडीइतके लाटायचे, मधोमध कापून पुन्हा रचायचे. १० फेऱ्यांत १ मिलिमीटरच्या पत्र्यात १,०२४ थर होतात, प्रत्येक १ मायक्रॉनहूनही पातळ.

अशा बारीक कणांच्या धातूंचा सर्वांत पटणारा उपयोग दंतरोपणात आहे. शुद्ध टायटॅनियम शरीराला मानवते, पण मिश्रधातूच्या मानाने कमी बळकट असते. कण बारीक केल्यावर व्हॅनेडियम-अ‍ॅल्युमिनियम न मिसळताही बारीक व्यासाचा स्क्रू पुरतो. चिपनिर्मितीत पातळ लेप चढवण्यासाठी लागणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम-तांब्याच्या चकत्याही अशा धातूच्या बनवल्या गेल्या आहेत.

अडचणी मात्र हटवादी आहेत. तापवल्यावर कण पुन्हा वाढतात आणि कमावलेली ताकद जाते. ताणल्यावर असा धातू लवकर एके ठिकाणी बारीक होऊन तुटतो. शिवाय एकेक तुकडा हाताळण्याचा खर्च परवडत नाही. त्यावर तोडगा म्हणून कोनाचा साचा फिरत्या चाकाला जोडला गेला: चाकाच्या खोबणीतले घर्षणच सळईला ओढून कोपऱ्यातून ढकलते आणि लांब सळई सलग बाहेर पडत राहते.