भजनी मंडळासाठी पेटी घेताना

गावात भजनी मंडळ असतं. टाळ असतात, वीणा असते, पखवाज असतो. मग एक दिवस मंडळी म्हणतात, "आता एक पेटी घेऊ." वर्गणी निघते. कुणी पन्नास रुपये देतो, कुणी शंभर. कुणी पायली जोंधळे विकून देतो. हा पैसा घामाचा आहे. तो वाया जाता कामा नये. म्हणून पेटी कशी पारखावी, ते आम्ही इथे सांगतो.

पेटी म्हणजे हार्मोनियम. तुकोबांच्या काळी ही नव्हती. सुमारे १८४० साली ती फ्रान्स देशात तयार झाली. तिथे ती पायाने भाता मारून वाजवीत. आपल्याकडे माणसं मांडी घालून गातात. म्हणून आपल्या देशातल्या कारागिरांनी हाताने भाता मारायची पेटी केली. भजनात, कीर्तनात, नाटकात ती चांगली रुळली.

पेटी वाजते कशी? मागचा भाता हवा आत ढकलतो. आत दुसरा भाता असतो. तो ती हवा धरून ठेवतो. पट्टी दाबली की तिच्याखालचं भोक उघडतं आणि हवा बाहेर पडू लागते. तिच्या वाटेत पितळेची बारीक जीभ बसवलेली असते. तिला रीड म्हणतात. हवेने ही जीभ थरथरते आणि सूर निघतो. तेव्हा पेटीत मुख्य गोष्टी दोन. एक रीड, दुसरा भाता.

दुकानात गेलं की आधी डोळा भुलतो. पॉलिश चकचकीत असतं, वर नक्षी असते. पण नक्षीतून सूर निघत नाही. वीणेची खुंटी पिळली की तार चढते, उतरते. पेटीचं तसं नाही. कारागिराने रीड घासून तिचा सूर एकदा लावलेला असतो. तो भजनाला बसल्यावर बदलता येत नाही. उलट वीणा आणि पखवाज पेटीला जुळवून घ्यावे लागतात. म्हणून पेटीच बेसूर असली तर सारं मंडळ बेसूर होतं. शिकणाऱ्या पोरांच्या कानातही तोच खोटा सूर बसतो. मग जुन्या अभंगांच्या चाली बिघडत जातात. हे नुकसान पैशाहून मोठं आहे.

तेव्हा पेटी घ्यायला दोघं जा. एक वाजवणारा आणि एक गाणारा. तिथे या पाच परीक्षा घ्या.

पहिली परीक्षा भात्याची. पुढच्या सगळ्या खुंट्या आत ढकला. हवेची वाट बंद होईल. आता भाता मारा. तो लवकरच घट्ट झाला पाहिजे. कितीही मारला तरी ढिलाच राहिला, तर हवा कुठेतरी गळते आहे. अशा पेटीवर रात्रभर भजन करायचं म्हणजे हात भरून येतो.

दुसरी परीक्षा. सुरांच्या खुंट्या ओढा. काही खुंट्या एकच सूर आपोआप धरून ठेवतात, त्या मात्र आतच असू द्या. पट्टीला हात न लावता भाता मारा. एखादा सूर आपोआप वाजला, तर ती पट्टी नीट मिटत नाही असं समजा.

तिसरी परीक्षा पट्ट्यांची. एका सप्तकात ७ पांढऱ्या आणि ५ काळ्या, अशा १२ पट्ट्या असतात. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ होतात. त्या सगळ्या एकेक करून वाजवा. दाबली की सूर आला पाहिजे. सोडली की थांबला पाहिजे. खरखर नको आणि पट्टी अडकायला नको.

चौथी परीक्षा सुराची. एकच खुंटी ओढा. एक सूर आणि वरच्या सप्तकातला तोच सूर, असे दोन्ही एकदम धरा. ते एकजीव झाले पाहिजेत. आवाजात लाटा उठल्या, तर सूर नीट लागलेला नाही.

पाचवी परीक्षा गळ्याची. गाणाऱ्याने आपल्या नेहमीच्या सुरात एक अभंग म्हणावा. वाजवणाऱ्याने साथ करावी. एकट्या पेटीचा आवाज दुकानात मोठा वाटतो. गळ्याबरोबर तो कसा बसतो, ते ऐका.

आता पैशाचं पाहू. रीडची एकच ओळ असलेली पेटी स्वस्त असते. पण दहा टाळांपुढे तिचा आवाज दबतो. दोन ओळींची पेटी मंडळाला पुरते. काही पेट्यांत सगळी पट्टी-रांग सरकवून सूर चढवता-उतरवता येतो. त्याला स्केल चेंजर म्हणतात. ती पेटी बरीच महाग, जड आणि दुरुस्तीला अवघड. वाजवणारा दोन-तीन सुरांत वाजवायला शिकला, तर तो खर्च वाचतो. गुजरातेतल्या पालिताणा गावची रीड प्रसिद्ध आहे. दुकानदार ते नाव सांगेलही. पण नावावर जाऊ नका, कानावर जा.

जुनी पेटी घ्यायला लाजू नका. चांगल्या कारागिराने भाता दुरुस्त करून आणि सूर लावून दिलेली जुनी पेटी पुष्कळदा स्वस्त नव्या पेटीहून सरस ठरते. जुनं सागवान मुरलेलं असतं. कच्चं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि पट्ट्या अडकतात.

पेटी घरी आणली की ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. उंदीर आणि झुरळं भात्याचं कातडं खातात, म्हणून ती खोक्यात ठेवा. नेताना भात्याच्या कड्या लावा. पट्ट्यांवर पाणी, गुलाल, बुक्का पडू देऊ नका.

शेवटची गोष्ट पावतीची. आता तुम्हाला वाचता येतं. पावती घेऊन तिथेच वाचा. पट्ट्या किती, रीडच्या ओळी किती, किंमत किती, दुरुस्तीची हमी किती दिवसांची, हे सारं तिच्यावर लिहून घ्या. मग ती पावती मंडळाच्या वहीत चिकटवा. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांना ती वाचून दाखवा.