लिलावात न खपलेली गाडी

युरोप खंडाच्या उत्तर टोकाला नॉर्वे नावाचा देश आहे. उंच डोंगर, असंख्य धबधबे आणि जमिनीत दूरवर शिरलेल्या समुद्राच्या खाड्या ही त्याची शोभा होय. या देशात १९८९ साली एक मोठी मौजेची घटना घडली. ‘बेलोना’ या निसर्गरक्षक संस्थेच्या फ्रेडरिक हाउगे या तरुणाने, ‘आहा’ या विख्यात गायकवृंदातील दोघा कलावंतांच्या साहाय्याने, एक छोटीशी फियाट पांडा मोटार आपल्या देशात आणली. दिसावयास ती चारचौघींसारखीच होती. परंतु तिच्यात पेट्रोलचे इंजिन नव्हते. ती बॅटरीतील विजेवर चालत असे. विजेच्या गाड्यांना सवलती मिळाव्यात, असा या मंडळींचा आग्रह होता. म्हणून ते ती गाडी टोलनाक्यावरून नेत आणि टोल भरण्याचे साफ नाकारीत.

व्हावयाचे तेच झाले. दंड साचला, गाडी जप्त झाली आणि तिचा लिलाव पुकारण्यात आला. पण गंमत अशी, की ती घेण्यास दुसरे कोणी पुढेच येईना! अखेर याच मंडळींनी ती अल्प किमतीत सोडवून घेतली आणि पुन्हा नाक्यावर नेली. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले.

आता हे पाहा. ज्या देशात विजेच्या त्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नव्हते, त्याच देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ मोटारी निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या. पस्तीस वर्षांत हा पालट कसा झाला?

मुलांनो, प्रथम धुराचा हिशेब समजून घेऊ. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. पण ते जळाले, की त्यापासून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. हे वाढीव वजन येते कोठून? पेट्रोलमधील कार्बन हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि त्या प्राणवायूचे वजन त्यात मिळते. हा वायू पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवतो. धुरातील इतर वायू आणि सूक्ष्म कण आपल्या फुप्फुसांस अपाय करतात.

हे कळले, तरी मनुष्य खरेदी करताना आपल्या खिशाकडेही पाहतोच. नॉर्वेच्या सरकारने हे ओळखले. पेट्रोलच्या गाड्यांवर तेथे जबर कर होता. विजेच्या गाड्यांना १९९० पासून खरेदीच्या वेळच्या करातून, १९९७ पासून टोलमधून आणि २००१ पासून विक्रीवरील २५ टक्के करातून सूट मिळाली. पुढे सवलती कमी होत गेल्या. परंतु तोपर्यंत लोकांच्या मनातील शंका फिटली होती. शेजाऱ्याची गाडी कडाक्याच्या थंडीतही चालते, हे प्रत्येकजण डोळ्यांनी पाहत होता.

ग्राहकाची आवड पालटली आणि सरकारांचे नियमही कडक झाले, म्हणजे कारखानदारास स्वस्थ बसता येत नाही. जर्मनीतील त्स्विकाऊ शहराचे उदाहरण घ्या. १९९१ पर्यंत तेथे ‘त्राबांत’ नावाची गाडी तयार होई; तिच्या निळसर धुराची सर्वत्र थट्टा होत असे. त्याच शहरातील फोक्सवॅगनच्या कारखान्यात जून २०२० मध्ये इंधनावर चालणारी शेवटची मोटार तयार झाली. त्यानंतर तेथे केवळ विजेच्या मोटारी बनू लागल्या.

परंतु सुज्ञ ग्राहकाने एवढ्यावर समाधान मानू नये. गाडी रस्त्यावर धूर सोडीत नाही, हे खरे. पण ती बनताना धूर कोठे निघाला? मोटारीस पोलाद लागते. खनिजातील प्राणवायू वेगळा करून लोखंड मिळवण्यासाठी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरतात, आणि त्यातून पुष्कळ कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. स्वीडनमधील लुलिओ येथे कोकऐवजी हायड्रोजन वापरण्याचा प्रयोग झाला. या रीतीत कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ निघते. असे पोलाद २०२१ साली प्रथमच व्होल्व्हो या मालमोटारी बनवणाऱ्या कंपनीस देण्यात आले. ॲल्युमिनियमची गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर खनिजापासून नवे करण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात काम भागते. बॅटरीसाठी लिथियम, निकेल, कोबाल्ट यांसारखी द्रव्ये खाणींतून काढावी लागतात. ती पुन्हा उपयोगी पडावीत म्हणून नॉर्वेतील फ्रेडरिकस्टाड येथे २०२२ साली जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतील धातू वेगळे करणारा कारखाना सुरू झाला.

आणखी एक प्रश्न उरतोच. बॅटरीत भरलेली वीज आली कोठून? नॉर्वेत जवळजवळ सर्व वीज पाण्याच्या जोरावर निर्माण होते. आपल्या महाराष्ट्रात कोयनेची वीज पाण्यापासून होते, तर चंद्रपूरची कोळशापासून. कोळशाच्या विजेवर चालणारी गाडी दाट वस्तीतील धूर कमी करते. पण काही धूर वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघतोच. म्हणून गाडीबरोबर वीजही स्वच्छ होत गेली पाहिजे. नॉर्वेच्या वागण्यातही एक विसंगती आहे. स्वतः विजेच्या गाड्या वापरणारा हा देश आपले खनिज तेल मात्र इतर देशांस विकतो. चांगल्या उदाहरणातील उणीवही डोळसपणे पाहावी, हेच खरे शिक्षण होय.

तुम्ही आज गाडी विकत घेणार नाही. परंतु घरी नव्या वाहनाची गोष्ट निघाली, म्हणजे वडीलधाऱ्यांना नम्रपणे तीन प्रश्न विचारा: हे वाहन कशावर चालते? ते कसे बनले? आणि मोडीत निघाल्यावर त्याचे काय होईल? शाळा जवळ असेल, तर चौथा प्रश्न स्वतःलाच विचारा: तेथे पायी किंवा सायकलवर जाता येणार नाही का? नॉर्वेतील त्या पांडा गाडीला एके काळी गिऱ्हाईक नव्हते. तिच्यामागे हट्टाने उभी राहणारी थोडीशी माणसे मात्र होती.