अतिसंवाहक डायोड: २०२० ते २०२५

रोध नसलेल्या, म्हणजे अतिसंवाहक तारेतून वीज दोन्हीकडे सारखीच वाहणार, हे इतकं उघड वाटायचं की ते तपासून पाहण्याचं फारसं कुणाच्या मनात येत नसे. ऑगस्ट २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये क्योटो विद्यापीठातील तेरुओ ओनो यांच्या गटाचा शोधनिबंध आला आणि हे गृहीतक डळमळलं.

त्यांनी नायोबियम, व्हॅनेडियम आणि टँटलमचे थर याच क्रमाने पुन्हा पुन्हा रचले. खालून वर जाताना लागणारा क्रम वरून खाली येताना उलटा होतो, म्हणजे रचनेची सममिती मोडली. दुसरी मोडावी लागते ती काळाची सममिती, म्हणजे काळ उलटा फिरवला तरी सगळं तसंच राहण्याची. त्यासाठी बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिलं. मग प्रवाह हळूहळू वाढवत नेला. एका मर्यादेपर्यंत व्होल्टेज शून्य, ती ओलांडताच रोध एकदम उभा राहतो. प्रवाहाची दिशा बदलली तर ही मर्यादा वेगळी निघाली! या दोन मर्यादांच्या मधला प्रवाह एका बाजूने विनारोध जातो, उलट आला की अडखळतो; हाच अतिसंवाहक डायोड. चुंबकीय क्षेत्र फिरवलं की मोकळी बाजूही बदलते.

२०२२ मध्ये तर झुंबडच उडाली. मझहर अली आणि सहकाऱ्यांनी नायोबियम सेलेनाइडच्या दोन पापुद्र्यांमध्ये नायोबियम ब्रोमाइड ठेवून चुंबकीय क्षेत्राशिवाय हा परिणाम मिळवला. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात पीळ दिलेल्या तीनपदरी ग्राफीनमध्येही तो क्षेत्राविना दिसला. मग काळाची सममिती मोडली कुणी? या प्रश्नाने सिद्धान्तवाल्यांना भरपूर काम दिलं.

माझ्या मते या काळातलं सर्वांत मोलाचं काम मात्र साध्या पदार्थांवरचं आहे. २०२३ मध्ये एमआयटीतील जगदीश मूदेरा यांच्या गटाने नायोबियम आणि व्हॅनेडियमच्या साध्या पातळ फिल्ममध्ये जेमतेम १ ओर्स्टेड क्षेत्रात हाच परिणाम दाखवला. फिल्मच्या दोन कडा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. चुंबकीय क्षेत्र भोवऱ्यांच्या रूपाने कडेवरूनच आत शिरतं, आणि ते कोणत्या कडेने शिरणार हे प्रवाहाची दिशा ठरवते. ज्या कडेतून शिरणं सोपं, तिथे मर्यादा लवकर येते. म्हणजे अनोख्या स्फटिकाचं श्रेय देण्याआधी कडा तपासायला हव्यात. हे बजावून सांगणारं कुणीतरी हवंच होतं.

२०२४ मध्ये मुंबईचं नाव आलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने बिस्मथयुक्त क्युप्रेट या अतिसंवाहकाचे दोन पापुद्रे एकमेकांवर तिरपे ठेवून ७७ केल्व्हिनपर्यंत चालणारा डायोड केला. २० केल्व्हिनला दोन्ही दिशांमधली तफावत ६० टक्क्यांवर गेली. ७७ केल्व्हिन म्हणजे द्रव नायट्रोजनचं तापमान, आणि नायट्रोजन याहून थंड तापमानासाठी लागणाऱ्या हेलियमपेक्षा कितीतरी स्वस्त.

२०२५ मध्ये एमआयटीतून अशा डायोडांचे पूल जोडून प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करणारी परिपथं पुढे आली. क्वांटम संगणकाच्या थंड कक्षात बाहेरून येणारी प्रत्येक तार उष्णताही आत आणते. प्रवाहाचं हे रूपांतर आतच झालं, तर त्यातल्या बऱ्याच तारा वगळता येतील.