गंधाचा नावाडी

डोळे आणि कान यांची थोरवी आपण नित्य गातों. नाकाची आठवण मात्र पडसें आलें म्हणजेच होते. पतंगांच्या राज्यांत हा मानपानाचा क्रम उलटा आहे. रेशमाच्या कोशांतून बाहेर पडलेला नर कांहीं खात नाहीं. त्याचें चार दिवसांचें आयुष्य मादीच्या गंधाचा माग काढण्यांतच सरतें.

हा गंध कोणत्या द्रव्याचा, हें जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनीं १९५९ सालीं जाहीर केलें. सुमारें ५ लाख माद्या आणि २० वर्षांचा उद्योग खर्चीं पडला, तेव्हां कांहीं मिलिग्रॅम द्रव्य हातीं आलें! त्याचें नांव 'बाँबिकॉल'.

परंतु खरें कोडें पुढेंच होतें. नराच्या पिसासारख्या मिशांवर हजारों सूक्ष्म केंस असतात. प्रत्येक केंस पोकळ. त्याला बारीक छिद्रें, आंत पाण्यासारखा रस आणि त्या रसांत बुडालेलें ज्ञानतंतूचें टोंक. बाँबिकॉल तर तेलाच्या जातीचें. तेलापाण्याचें सख्य किती, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नकोच. मग हा पाहुणा पैलतीरीं पोंचतो कसा?

उत्तराचा पहिला धागा १९८१ सालीं अमेरिकेंत सांपडला. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडील टसर पतंगाचा एक भाऊबंद तिकडे आहे. रिचर्ड व्होग्ट व लिन रिडिफर्ड यांना त्याच्या मिशांत मादीचा गंध धरून ठेवणारें प्रथिन आढळलें. २००० सालीं रेशमी पतंगाच्या अशाच प्रथिनाची घडण क्ष-किरणांनीं उलगडली. मळसूत्राकार वळ्यांची ती जणूं डबीच आहे. आंतील भिंती पाण्याशीं फटकून वागणाऱ्या, आणि त्यांच्यामध्यें बाँबिकॉल चपखल बसलेलें. पुढल्याच वर्षीं आणखी एक गंमत कळली. भोंवतालीं आम्लता वाढली, कीं प्रथिनाचें शेपूट वळून त्याच पोकळींत शिरतें आणि पाहुण्याला जागा उरत नाहीं. तंतूच्या आवरणालगत अशी आम्लता असते व तेथेंच उतारू नावेंतून उतरतो, असें मानतात.

मग गंध ओळखतो कोण? नावाडी, कीं पैलतीरावरचा द्वारपाल? बाँबिकॉलाचें सख्खें भावंड 'बाँबिकॅल' हेंहि त्याच डबींत सुखानें बसतें. उलट, तंतूच्या आवरणांतील जें ग्राहक प्रथिन जपानी संशोधकांनीं २००४ सालीं शोधलें, तें बाँबिकॉलासच दाद देतें. २०१८ सालीं जपानांतच नावाडी-प्रथिनावांचून पतंग निपजविण्यांत आले. त्यांची घ्राणशक्ति मंदावली. परंतु ह्या दोन गंधांमधील विवेक ढळला नाहीं. म्हणजे पोंचविणें हें नावाड्याचें काम, पारख द्वारपालाची.

हें ज्ञान केवळ कौतुकापुरतें नाहीं. विदर्भांत कपाशीच्या शेतांत गुलाबी बोंडअळीसाठीं कामगंध सापळे टांगतात, त्यांत त्या जातीच्या मादीचा गंध कृत्रिम रीतीनें भरलेला असतो. नर फसतो आणि अडकतो. शेजारच्या फुलावरील मधमाशीला मात्र त्याची दादहि नसते. विषारी फवाऱ्याला हा विवेक कोठून असणार? तो निसर्गानें एका केंसाच्या पोकळींत ठेवला आहे, हें आम्हांस विशेष वाटतें.