रकान्याची जात

दप्तर वहींतून संगणकांत गेलें, तरी रकाने राहिलेच. वहीचा रकाना कांहींही निमूटपणें सोसतो; ॲक्सेससारखी प्रणाली मात्र प्रत्येक रकान्याची जात आधींच विचारते : मजकूर, संख्या, दिनांक, चलन किंवा होय-नाहीं. माणसाची विचारूं नये. रकान्याची अवश्य सांगावी.

आमच्या पाटोद्याकडील शेतांचेंच उदाहरण घ्या. गट क्रमांक ‘१२३/२/अ’ असा असूं शकतो; तो मजकूरच. क्षेत्राची मात्र बेरीज होते, म्हणून तें संख्या. पण संख्या म्हटलें कीं ॲक्सेस आपण होऊन ‘दीर्घ पूर्णांक’ धरते, आणि ४० आर जमीन, म्हणजे ०.४० हेक्टर, शून्य होऊन बसते. अल्पभूधारकाचें सारें शेत दप्तरांतून नाहींसें! तेथें दशांशाची जात निवडली पाहिजे.

ज्याची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाहीं, तें अंकांत लिहिलें तरी मजकूरच समजावें. बीडचा दूरध्वनि-संकेतांक ०२४४२ संख्येच्या रकान्यांत घातला, तर आरंभींचें शून्य गळतें. दहा अंकी भ्रमणध्वनि-क्रमांक तर दीर्घ पूर्णांकांत मावतच नाहीं; त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७.

जन्मतारखेस मात्र दिनांकाचीच जात द्यावी. मजकूर म्हणून लिहिल्यास ‘१० जून’ हा ‘९ जून’च्या आधीं बसतो, कारण तेथें पहिलें अक्षर प्रथम पाहिलें जातें.