चाळीस अंशांच्या उन्हात फिल्म धुणे

कृष्णधवल फिल्म धुण्याच्या रसायनाचे पाकीट कोणत्याही कंपनीचे घ्या, त्यावर एक आकडा हमखास असतो : २० अंश सेल्सिअस. डेव्हलपरमध्ये फिल्म किती मिनिटे ठेवायची याचे तक्ते याच आकड्यावर बांधलेले आहेत. थंड देशात नळाचे पाणी जरा कोमट केले की हा आकडा हाती येतो. धाराशिव जिल्ह्यातले येडशी बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे, तरी मे महिन्यात इथे पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. शिवाय पाणी मुळातच कमी. माळ्यावरचा जुना कॅमेरा काढून त्यात पुन्हा रोल घालणाऱ्याला आज गावातल्या स्टुडिओचा उपयोग नाही. रोल मोठ्या शहरात पाठवायचा, नाहीतर घरी धुवायचा. आणि रोलवर लग्नातला आजीचा फोटो असेल, तर तो बिघडल्यावर पुन्हा काढता येत नाही.

उन्हाने नेमके काय बिघडते? प्रकाशाला संवेदनशील असणारे चांदीचे क्षार फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात बसवलेले असतात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला सरसाचाच शुद्ध प्रकार. पाण्यात ते फुगते, म्हणून तर रसायन आतल्या चांदीपर्यंत पोचते. पण पाणी जितके गरम तितके ते जास्त फुगते, मऊ होते, कडेने सुटू लागते आणि बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी ओरखडा उठतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या फोटोग्राफरांना ही अडचण नव्हती, कारण त्यांच्या काचांवर कोलोडियनचा लेप असे. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनची कोरडी काच सुचवली. तिने फोटोग्राफी सोपी झाली, पण उष्ण देशांना उन्हाळ्याचा हा नवा त्रासही तिच्याबरोबरच आला.

आपल्याकडच्या चित्रपटाच्या आरंभकथेत फिल्म धुण्याचे हे काम डोकावते. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, तेव्हा ती फिल्म धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली. पुढच्या चौदा वर्षांत हे काम घरात आले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या राहत्या घरी धुतली गेली. रसायने कालवणे, कोऱ्या फिल्मला भोके पाडणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली होती. दिवसा चित्रण आणि रात्री धुलाई. रात्र हवी होती अंधारासाठी, पण उष्ण हवेत तिचा दुसराही फायदा आहे, तो आजही घेता येतो.

उन्हावरचे जुने इलाज दोन. पहिला तुरटीचा. तुरटी जिलेटिनला आवळते, म्हणून ती हायपोमध्ये, म्हणजे फिल्म पक्की करणाऱ्या रसायनात, घालत. दुसरा सोडियम सल्फेटचा. हा क्षार लिटरमागे शंभर ग्रॅमपर्यंत डेव्हलपरमध्ये मिसळला की जिलेटिन कमी फुगते. मीठ लावलेली कैरी पाणी धरत नाही, तसेच काहीसे. (डेव्हलपरमध्ये मुळात असणारे सोडियम सल्फाइट वेगळे. दुकानदाराकडून घेताना चिठ्ठी नीट वाचावी.) दोन्ही इलाज खरे आहेत, पण तुरटीची एक किंमत आहे. आवळलेले जिलेटिन हायपो लवकर सोडत नाही, आणि हायपो आत राहिला तर काही वर्षांत निगेटिव्ह पिवळी पडते. म्हणून जुनी पुस्तके वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धुवायला सांगतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी नेणारी रेल्वे येडशीच्या स्थानकावरूनच गेली. या पट्ट्यात उन्हाळ्यात अर्धा तास नळ सोडून ठेवा असा सल्ला कोण देईल? माझ्या मते इथे तुरटी टाळावी. आजच्या बहुतेक फिल्म कारखान्यातच बऱ्याच कडक करून येतात. काळजी घेतली तर तीस अंशांपर्यंत त्या निभावतात.

मग खरा प्रश्न उरतो वेळेचा. पाणी तापले की डेव्हलपर घाई करतो. दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावा लागतो, तोही चक्रवाढीने. इलफोर्डच्या एचपी-५ या फिल्मला त्याच कंपनीचा आयडी-११ डेव्हलपर न पातळ करता वापरला तर २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात. २७ अंशांना हाच वेळ साडेतीन मिनिटांवर येतो. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात रसायन सगळीकडे सारखे पसरत नाही आणि आकाशात पट्टे उमटतात. तेव्हा डेव्हलपर पातळ करावा. एका भागाला तीन भाग पाणी घातले की २० अंशांची वेळ वीस मिनिटे होते. २७ ला ती साडेनऊ आणि ३० ला सात मिनिटांच्या आसपास येते. या वेळा हिशोबाने काढलेल्या आहेत, म्हणून महत्त्वाचा रोल घालण्याआधी एखाद्या बिनकामाच्या रोलवर ताडून पाहाव्यात. पातळ केलेला डेव्हलपर एकदाच वापरून टाकून द्यायचा.

पाणी २७ पर्यंत आणायला फ्रिज लागतोच असे नाही. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून माठ इथे चांगला चालतो. चाळीस अंशांत हवेची आर्द्रता वीस टक्के असेल तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त तेविशीपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात माठ त्याच्या दोन-चार अंश वर थांबतो. कोकणातल्या दमट हवेत हेच गणित फसते. थर्मामीटर मात्र हवाच. गंमत म्हणजे खड्याच्या स्वरूपातला हायपो पाण्यात विरघळताना स्वतःच उष्णता शोषतो : लिटरभर पाण्यात पाव किलो खडे टाकले की पाणी दहाएक अंशांनी उतरते.

इथे एक मोह आवरायचा. डेव्हलपर २९ ला आणि त्यानंतरचे पाणी फ्रिजमधले, असे करू नये. फुगलेले जिलेटिन एकदम आक्रसते आणि त्यावर बारीक सुरकुत्यांची जाळी पडते. ती नंतर कशानेही जात नाही. तापमान कमी असण्यापेक्षा ते शेवटपर्यंत एकच असणे जास्त महत्त्वाचे. डेव्हलपर, हायपो, धुण्याचे पाणी, सगळ्या बाटल्या आणि टाकी एकाच घमेल्यात पाण्यात तासभर उभ्या ठेवाव्यात. बर्फ वापरायचा तर पिशवीत बांधून घमेल्यात सोडावा.

रोल अंधारात चकरीवर चढवण्याचे काम पहाटे उरकावे. दुपारी काळ्या पिशवीत हात घातले की पाच मिनिटांत घाम सुटतो, आणि ओलसर प्लॅस्टिकच्या चकरीत फिल्म अडकून बसते. बोअरचे पाणी जड असेल तर डेव्हलपर कालवायला आणि शेवटच्या बुडवणीला जारचे आरओ पाणी घ्यावे, नाहीतर वाळलेल्या फिल्मवर पांढरे ठिपके राहतात.

आता धुणे. इलफोर्डनेच सुचवलेली एक पद्धत दुष्काळी भागासाठीच शोधल्यासारखी आहे, मात्र हायपोत तुरटी नसेल तरच ती लागू पडते. टाकी भरून पाच वेळा उलटसुलट करून पाणी ओतायचे, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलच्या टाकीत तीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे सगळे काम लिटरभरात होते.

वाळवण्यासाठी फिल्म न्हाणीघरात टांगावी, आधी फरशीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि खालच्या टोकाला चिमटा लावावा. पंखा नको. उन्हाळ्यात तासाभरात ती खणखणीत वाळते. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा झाडांना ओतू नये. लोखंडी तारेच्या घासणीचा चोळा त्यात दोन-चार दिवस बुडवून ठेवला की चांदीचा काळा गाळ तळाशी बसतो. घमेले, मोजपात्र आणि हा चोळा स्वयंपाकघरात परत नेऊ नये.